कुठलंही ॲप कुठलाही क्यूआर कसं वाचतं? आणि त्या शनिवारी यूपीआय का अडकलं?

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात आसगाव आहे. ते माझं गाव. मी नोकरी करतो नागपुरात, कोड लिहिण्याची. या दिवाळीत घरी गेलो तेव्हा धानाची कापणी सुरू होती. किराणा दुकानात मामेभाऊ सोबत होता. काउंटरवर एका पेमेंट ॲपचा क्यूआर चिकटवलेला, मी स्कॅन केला दुसऱ्याच ॲपनं, आणि पैसे गेले. तो म्हणाला, "दादा, स्टिकर तं त्या कंपनीचा हाय. मंग तुझ्या ॲपले कसा का समजते?"

प्रश्न साधा आहे, पण गेल्या काही वर्षांत विमानं थांबवणाऱ्या आणि यूपीआय अडकवणाऱ्या घटनांशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलू. विषयाचं नाव जड आहे: मोठ्या सॉफ्टवेअरमधल्या सार्वजनिक आणि अंतर्गत फंक्शनचं डॉक्युमेंटेशन. पण घाबरू नका, आपण ते धानगिरणीत बसून समजून घेऊ.

फंक्शन म्हणजे काय?

गावातली धानगिरणी डोळ्यासमोर आणा. तुम्ही धान देता, गिरणी तांदूळ देते. सोबत कोंडा आणि कणी निघते. फंक्शनही असंच असतं. एक ठरलेली गोष्ट आत द्यायची, एक ठरलेली गोष्ट बाहेर येणार. "खात्यात किती शिल्लक आहे सांग" हे एक फंक्शन, "इतके पैसे तिकडे पाठव" हे दुसरं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी हजारो, लाखो फंक्शन असतात आणि ती एकमेकांना काम सांगत असतात. या सगळ्या कोडच्या साठ्याला म्हणतात कोडबेस.

गिरणीला दोन बाजू असतात. समोर गिऱ्हाईक उभं राहतं ती बाजू. तिथे पाटी असते: दर काय, वेळ काय, कमीत कमी किती धान आणायचं, ओला धान चालणार की नाही. हे झालं सार्वजनिक फंक्शन आणि त्याचं डॉक्युमेंटेशन. सॉफ्टवेअरच्या भाषेत या समोरच्या बाजूला एपीआय म्हणतात.

दुसरी बाजू आतली. पट्टे, चाळण्या, मोटर. तिथे गिऱ्हाइकाचं काम नाही. पण मिस्त्रीनं भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं असतं: "पट्टा बदलायच्या आधी चाळणी सैल करा." हे अंतर्गत फंक्शनचं डॉक्युमेंटेशन. मिस्त्री उद्या गाव सोडून गेला तर नव्या माणसाला ही खडूची ओळच वाचवणार.

पाटीवरची अट किती महत्त्वाची असते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला धान घेत नाहीत. ही अट आधी माहीत असली तर माणूस धान वाळवून नेतो. नसली तर भाड्याचा ट्रॅक्टर भरून नेतो आणि भरलेलाच परत आणतो. फंक्शनचंही तेच असतं. ते काय करतं एवढं सांगून भागत नाही, काय घेणार नाही हेही सांगावं लागतं.

स्टिकरमध्ये काय लिहिलंय?

आता मामेभावाच्या प्रश्नाकडे. फोनमध्ये पेमेंट ॲप न वापरता साधा क्यूआर रीडर उघडा आणि दुकानातला यूपीआय क्यूआर वाचा. बहुतेक वेळा एक ओळ दिसेल. तिची सुरुवात यूपीआय आणि पे या शब्दांनी होते, आणि पुढे दोन-दोन इंग्रजी अक्षरांचे तुकडे असतात. पीए म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता. पीएन म्हणजे त्याचं नाव. एएम म्हणजे रक्कम, टीएन म्हणजे टिपण, सीयू म्हणजे चलन. बस्स, एवढंच. स्टिकरवरचा रंग आणि लोगो ही सजावट आहे, आतला मजकूर सगळ्यांचा एकाच नियमानं लिहिलेला.

हा नियम लिहिला एनपीसीआयनं, म्हणजे भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमनं. त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालं तेव्हापासून त्याची खरी ताकद हीच आहे. कोणत्या अक्षरांचा अर्थ काय, कोणती माहिती द्यायलाच हवी, कोणती नसली तरी चालेल, हे सगळं लिहून ठेवलंय. बँका आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्यांनी तो कागद वाचला आणि आपापला कोड लिहिला. त्यांना एकमेकांच्या ऑफिसात जाऊन विचारावं लागलं नाही. एका कंपनीचा स्टिकर दुसऱ्या कंपनीचं ॲप वाचतं ते यामुळे.

क्यूआर वाचल्यानंतरही असंच. पैसे पाठवण्याची विनंती, शिल्लक विचारण्याची विनंती, मोबाइल नंबरला जोडलेली खाती मागण्याची विनंती, व्यवहाराचं काय झालं हे विचारण्याची विनंती, अशा प्रत्येकासाठी यूपीआयमध्ये वेगळी एपीआय आहे. ही सगळी पाटीवरची फंक्शनं. बँकेच्या आत तुमच्या खात्यातून रक्कम नेमकी कशी वजा होते ते मात्र बँकेचं अंतर्गत काम. ते एनपीसीआयलाही बघायची गरज नाही.

२०२५ च्या मार्च महिन्यात यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले, रक्कम सुमारे २४.७७ लाख कोटी रुपये. एवढा मोठा डोलारा एका लिखित करारावर उभा आहे.

१२ एप्रिल: गिरणी चालू होती, रांग तुंबली होती

मग बिघडलं कुठे? २६ मार्च २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा. आणि १२ एप्रिलला, शनिवारी, हनुमान जयंतीच्या दिवशी, भर दुपारी लोकांचे पैसे अडकायला लागले. रोख न ठेवण्याची सवय लागलेल्या माणसाला अशा वेळी काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. पैसे खात्यातून गेले, दुकानदाराला आले नाहीत, मागे रांग उभी, आणि दोघंही एकमेकांकडे बघताहेत.

एनपीसीआयच्या तपासणीतून जे बाहेर आलं ते ऐकण्यासारखं आहे. कोणी हॅकिंग केलं नव्हतं. गर्दी झाली होती ती "व्यवहाराचं काय झालं?" या एका एपीआयवर, म्हणजे चेक ट्रान्झॅक्शनवर. काही बँकांकडून ही विचारणा पुन्हा पुन्हा येत होती, अगदी जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा. उत्तर यायला उशीर झाला की परत विचारायचं, परत विचारलं की गर्दी वाढायची, गर्दी वाढली की उत्तराला आणखी उशीर.

गिरणीत बघा. तुमचं पोतं आत दळायला गेलंय. तुम्ही दर मिनिटाला खिडकीशी जाऊन विचारता, "झालं का?" एकट्यानं विचारलं तर मिस्त्री हसून सांगेल. पाचशे लोकांनी दर मिनिटाला विचारलं तर मिस्त्री उत्तरंच देत बसणार, दळण कोण करणार? यात गिऱ्हाईक खोटं वागत नाही आणि गिरणीही बिघडलेली नाही. प्रत्येक विचारणा स्वतंत्रपणे बरोबरच होती.

म्हणून मला ही घटना फार शिकवणारी वाटते. सार्वजनिक फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आपण सहसा दोन गोष्टी लिहितो: काय द्यायचं आणि काय मिळेल. तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची असते, किती वेळा विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर किती थांबायचं. आणि चौथी: हा नियम मोडला तर यंत्र स्वतः अडवणार का? नुसत्या पाटीवर लिहिलेला नियम गर्दीत कोणी वाचत नाही. खिडकीला दारही लागतं.

यानंतर एनपीसीआयनं परिपत्रकं काढली आणि १ ऑगस्ट २०२५ पासून आकडे ठरले. एका ॲपमधून दिवसाला जास्तीत जास्त ५० वेळा शिल्लक बघता येते. मोबाइल नंबरला जोडलेल्या खात्यांची यादी दिवसाला २५ वेळा. अडकलेल्या व्यवहाराची विचारणा ॲपनं फक्त तीन वेळा करायची, तीही मध्ये ठरलेला वेळ सोडून. आणि आपल्याकडून जाणाऱ्या विनंत्यांवर लक्ष ठेवून त्या आवरण्याची जबाबदारी बँकांवर टाकली गेली. म्हणजे पाटीवर नवी ओळ आली आणि खिडकीला दारही बसलं.

माझी एक तक्रार मात्र आहे. ही परिपत्रकं बँकांसाठी असतात, बँकांच्या इंग्रजीत. आसगावच्या दुकानदाराच्या हाती शेवटी येतो तो फक्त "प्रलंबित" हा शब्द. प्रलंबित म्हणजे बुडाले का? परत पाठवू का? किती वेळ थांबू? ॲपनं त्याच पडद्यावर साध्या मराठीत तीन ओळी लिहिल्या तर अर्धे भांडणं काउंटरवरच मिटतील. पाटी गिऱ्हाइकासाठी असते, मग ती गिऱ्हाइकाच्या भाषेत असायला नको का?

मागच्या दारानं आत शिरलं तर?

फोन अपडेट केला आणि एखादं ॲप उघडेनासं झालं, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. कारणं अनेक असतात. त्यातलं एक आपल्या विषयातलं आहे.

अँड्रॉइडच्या कोडमध्ये गूगलचे इंजिनियर काही फंक्शनवर लपवण्याची खूण करतात. ती फंक्शनं तुमच्या फोनमध्ये असतात, काम करतात, पण ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या अधिकृत माहितीत ती दाखवत नाहीत. त्यांचा अर्थ असा की हे आमचं आतलं सामान आहे, उद्या बदलू, परवा काढून टाकू. तरीही अनेक ॲपवाल्यांनी वाट काढली आणि मागच्या दारानं ती वापरली. काम पटकन व्हायचं ना! पुढच्या आवृत्तीत आतलं सामान हललं की ॲप कोसळायचं आणि शिव्या खायचा फोन. शेवटी २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून गूगलनं अशा फंक्शनवर बंधनं आणली.

लिनक्सचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे, आणि त्याचा कोडबेस आता सुमारे ४ कोटी ओळींचा आहे. तिथे डॉक्युमेंटेशनचा क्रम ठरलेला आहे. जे फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलला वापरायला दिलंय, त्याच्यावर ठरलेल्या पद्धतीची टीप असायला हवी. जे कर्नलच्याच दुसऱ्या फाइलींना दिसतं, त्यावर असणं चांगलं. जे एकाच फाइलच्या आत राहतं, त्यावरही टीप असावी असं सुचवलंय, पण तिथे निकड कमी, आणि निर्णय ती फाइल सांभाळणाऱ्याचा.

हा क्रम मला पटतो. चार कोटी ओळींत प्रत्येक फंक्शनवर निबंध लिहायला बसलं तर काम कधी करणार? जितके जास्त अनोळखी लोक एखाद्या फंक्शनवर अवलंबून, तितकी त्याची पाटी स्वच्छ हवी. लिनक्समध्ये वचनही याच हिशेबानं दिलं जातं. वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिलेला व्यवहार मोडायचा नाही हा तिथला जुना दंडक आहे, आणि आतली फंक्शनं मात्र कधीही बदलू शकतात हेही तितकंच उघडपणे लिहून ठेवलंय.

२० आणि २१ मधला फरक

मग अंतर्गत फंक्शनकडे दुर्लक्ष केलं तर चालेल? इथे १९ जुलै २०२४ आठवा. त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट. कंपनीनं नंतर आपला अहवाल जाहीर केला. त्यातला गाभा एवढाच: आतल्या एका भागाच्या व्याख्येत माहितीचे २१ रकाने होते, आणि त्याला माहिती पुरवणारा आतला दुसरा भाग २० च रकाने भरत होता. काही महिने हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवरच्या नियमांमध्ये एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" असंच असायचं. त्या दिवशीच्या अपडेटनं पहिल्यांदाच एकविसावा रकाना खरोखर वाचायला सांगितला. तिथे काहीच नव्हतं. प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि विंडोजच कोसळलं.

यातलं कोणतंही फंक्शन तुमच्या-माझ्यासाठी नव्हतं. सगळं गिरणीच्या आतलं. एक मिस्त्री समजला २१, दुसरा समजला २०. कंपनीनं केलेल्या दुरुस्तीतली एक अशी, की रकान्यांची संख्या जुळते का हे सॉफ्टवेअर तयार होतानाच यंत्रानं तपासायचं. म्हणजे आतल्या कराराला कागदावरून उचलून यंत्राच्या पहाऱ्यात ठेवलं.

माझी क्विंटलची चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं. आता माझी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. धान मोजून पावती छापणाऱ्या एका ॲपवर काम चाललं होतं. काट्यावरून वजन घेऊन बारदान्याचं वजन वजा करणारं एक लहान फंक्शन मी लिहिलं. चार ओळींचं. उत्तर क्विंटलमध्ये यायचं. हे मला माहीत होतं, म्हणून मी कुठे लिहिलं नाही. आतलंच तर फंक्शन आहे, कोण बघतंय?

मी दुसऱ्या कामावर गेलो. नव्या मुलानं पावतीचा नमुना बदलला आणि माझ्या उत्तराच्या पुढे "किलो" छापलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या हातात १८ क्विंटलऐवजी १८ किलोची पावती पडली. त्यानं काउंटरवर विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही." संध्याकाळपर्यंत चूक सापडली, पावत्या बदलून दिल्या, पैशाचं नुकसान झालं नाही. पण स्वतःच्या डोळ्यांनी धान मोजून दिलेल्या माणसाला चार लोकांत दिवसभर खोटं पाडलं गेलं. माझे वडील धान विकतात. त्या जागी ते उभे असते, हा विचार अजून जात नाही.

तेव्हापासून फंक्शन कितीही लहान असो, आतलं असो, वर पाच गोष्टी लिहितो. हे असं:

काय करतं: भरलेल्या पोत्यांच्या वजनातून बारदान्याचं वजन वजा करतं.
काय घेतं: एकूण वजन किलोत, पोत्यांची संख्या.
काय देतं: निव्वळ वजन. क्विंटलमध्ये. किलोत नाही.
चुकलं तर: काट्याकडून उत्तर आलं नाही तर शून्य देत नाही, चूक कळवतं.
असं का: दर क्विंटलवर ठरतो, म्हणून हिशेब क्विंटलमध्ये.

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. बाकीच्या चार गोष्टी कोड वाचून कदाचित कळतील. "असं का" हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि तो गेला की त्याच्यासोबत जातं.

एआय लिहून देईल ना?

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. हो, एआयला कोड दिला की ते काही सेकंदांत टिपा लिहून देतं. मीही वापरतो. पण माझं ते चार ओळींचं फंक्शन दिलं असतं तर त्यानं लिहिलं असतं, "वजनातून बारदाना वजा करून शंभरनं भागतं." बरोबरच. पण दर क्विंटलवर ठरतो, पावती शेतकऱ्याच्या हातात जाते, हे कोडमध्ये नव्हतंच, तर ते कुठून आणणार? भीती अशी की टीप दिसली म्हणजे समजलं असं सगळे धरून चालतील. एआयकडून पहिल्या चार ओळी घ्या, हरकत नाही. पाचवी स्वतः लिहा, आणि पहिल्या चार नीट तपासा.

तुम्ही काय कराल?

कोड लिहीत नसाल तर दोन गोष्टी. पेमेंट "प्रलंबित" दिसलं तर लगेच परत पाठवू नका. थांबा, व्यवहाराचा इतिहास बघा, गरज पडली तर तो व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे जा. आणि शिल्लक दर पाच मिनिटांनी बघायची सवय सोडा, खिडकीवरची गर्दी आपल्यापासून सुरू होते.

कोड शिकत असाल तर एक काम. एखाद्या खुल्या प्रकल्पात पहिलं योगदान नव्या फीचरचं नको, डॉक्युमेंटेशनचं करा. एक फंक्शन निवडा, वापरून बघा, कुठे अडलात ते लिहा. नवखा माणूस जिथे अडतो ती जागा जुन्या माणसाला दिसत नाही. इंग्रजी कच्चं असलं तरी आधी वहीत मराठीत लिहा, मग भाषांतर करा.

मामेभावाला मी हे सगळं दुकानात सांगितलं नाही, एवढा वेळ कुठे होता. क्यूआर रीडरमधली ती एक ओळ दाखवली. त्यानं पीएच्या पुढचा पत्ता वाचला, पीएनच्या पुढे दुकानदाराचं नाव वाचलं, आणि म्हणाला, "एवढंच? मंग हे तं कोनालेबी वाचता येते."

तेच तर. कोणालाही वाचता यावं म्हणूनच कोणीतरी ते नीट लिहून ठेवलं.